दोन एडविन आणि एक विद्यार्थी

पुस्तकाला प्रस्तावना लिहून देणारा माणूस लेखकाच्या बाजूचा असतो, असे आपण गृहीत धरतो. आपल्याकडच्या प्रस्तावनांची घडीही ठरलेली आहे. थोडे कौतुक, थोडा आशीर्वाद आणि शेवटी वाचकांनी स्वागत करावे अशी विनंती. म्हणूनच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या पुस्तकाची प्रस्तावना पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे पुस्तक १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने काढले. प्रस्तावना लिहिली ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी. आणि हे गुरुजी सुरुवातीलाच सांगून टाकतात की, या पुस्तकातली बरीचशी टीका मला मान्य नाही. ज्या चलनपद्धतीवर लेखक तुटून पडला आहे, तिच्याविषयी माझ्या मनात तसा राग नाही आणि तिच्याविरुद्धचे त्याचे बहुतेक युक्तिवादही मला पटत नाहीत!

अशी प्रस्तावना लेखकाने मागावी, गुरूने ती लिहावी आणि लेखकाने ती जशीच्या तशी छापावी, या तिन्ही गोष्टी मला विलक्षण वाटतात. मी बरीच वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन, सगळे क्रमाने सांगतात. पण या माणसाने ज्यांच्याकडे पाहून अर्थशास्त्र उचलले, ज्यांची व्याख्याने कान देऊन ऐकली, त्या अर्थशास्त्रज्ञांशी त्याचे नाते कसे होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या लेखात मला तेवढाच शोध घ्यायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, बाबासाहेबांनी आपल्या दोन्ही गुरूंचा आदर केला तो त्यांच्याशी सहमत होऊन नव्हे, तर त्यांची हत्यारे त्यांना अपेक्षित नसलेल्या जागी वापरून. आणि त्या गुरूंनीही हा आदर ओळखला.

योगायोग असा की दोन्ही गुरूंचे नाव एडविन. दोघेही १८६१ सालचे. एक न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले एडविन सेलिग्मन, दुसरे मदीरा बेटावर जन्मलेले एडविन कॅनन.

न्यूयॉर्क : पहिला एडविन

१९१३च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांचे वय होते बावीस. वडील सुभेदार रामजी त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि परत आल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून घेतला होता.

कोलंबिया विद्यापीठात त्या काळी अर्थशास्त्राच्या क्षेत्रात सेलिग्मन यांचा शब्द मोठा मानला जाई. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन १८८५ साली उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकार पैसा कुठून आणते, कोणाकडून घेते आणि कोणावर खर्च करते, हा त्यांचा खास विषय. मिळकतीच्या प्रमाणात चढत जाणारा कर न्याय्य आहे, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. त्यांचा प्राप्तिकरावरचा ग्रंथ १९११ साली आला आणि १९१३ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती होऊन संघसरकारला प्राप्तिकर बसवण्याचा निर्विवाद अधिकार मिळाला. म्हणजे भीमराव ज्या वर्षी त्या वर्गात जाऊन बसले, त्याच वर्षी त्यांच्या गुरूचा विषय ग्रंथालयातून बाहेर पडून कायद्याच्या पुस्तकात शिरत होता. कर हा केवळ हिशेबाचा भाग नसतो, तो समाजाने केलेला न्याय-अन्यायाचा निवाडा असतो, हे शिकायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

सेलिग्मन यांच्या घरातली एक गोष्ट मला इथे नोंदवाविशी वाटते. त्यांचे वडील जोसेफ सेलिग्मन हे न्यूयॉर्कचे नामांकित पेढीवाले. अमेरिकेच्या यादवी युद्धात सरकारचे कर्जरोखे खपवण्यात त्यांच्या पेढीचा मोठा वाटा होता. असा हा प्रतिष्ठित माणूस १८७७च्या उन्हाळ्यात सॅराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलात कुटुंबासह उतरायला गेला, तेव्हा ज्यू असल्याच्या कारणावरून त्याला जागा नाकारण्यात आली. अमेरिकेभर त्याचा गवगवा झाला. त्या वेळी एडविन सोळा वर्षांचे होते. पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नागरिकांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीगच्या स्थापनेच्या काळात तिचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, हे ज्याच्या घराने पाहिले होते असा माणूस भीमरावांना पहिला मोठा गुरू म्हणून लाभला. गुरुशिष्यांत या विषयावर बोलणे झाले असे मी म्हणत नाही. पण पुढे १९१७ साली, कोलंबियातून शिकून आलेल्या याच विद्यार्थ्याला बडोद्यात एका पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, हे वाचताना मला दर वेळी सॅराटोगा आठवते.

धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिले आहे की, भीमराव परवानगी काढून सेलिग्मन यांच्यामागे या वर्गातून त्या वर्गात जात आणि त्यांची व्याख्याने ऐकत. संशोधनाची पद्धत कोणती ठेवू, असे त्यांनी एकदा विचारले तेव्हा, मन लावून काम करत राहा, तुमची पद्धत तुम्हालाच सापडेल, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. वरवर पाहता हे उत्तर टाळाटाळीचे वाटेल. मी स्वतः विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत असल्यामुळे मला ते तसे वाटत नाही. पद्धत हातात देणारा गुरू विद्यार्थ्याला आपल्यासारखा करून टाकतो. ‘तुझी तू शोध’ म्हणणाऱ्याने मोकळी जागा सोडलेली असते.

त्या मोकळ्या जागेत भीमरावांनी काय केले? कोलंबियातल्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. त्याखेरीज इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. १९१५ साली एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभार व वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. पुढचे मोठे काम ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवर. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, याचा हा शोध. सेलिग्मन यांचा प्रश्न होता : कर कोणावर पडतो आणि का? शिष्याने तोच प्रश्न उचलून ब्रिटिश राजवटीला विचारला : हा पैसा कोणाकडून आला, कोणाच्या संमतीने आला आणि कोणाच्या कामी गेला? अमेरिकेच्या नागरिकाने आपल्या सरकारला विचारायचा प्रश्न एका परतंत्र देशातल्या, त्यातही अस्पृश्य ठरवलेल्या माणसाने विचारला की त्याची धार वेगळी होते. हिंदुस्थानात कर देणाऱ्याचा कर ठरवण्याशी काही संबंध नव्हता, हे त्या ग्रंथात पानोपानी दिसते.

हा ग्रंथ १९२५ साली छापून आला, सयाजीराव महाराजांना अर्पण होऊन. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची. आपल्या माहितीप्रमाणे या विषयाच्या मूळ तत्त्वांचा इतका तपशीलवार अभ्यास दुसरीकडे कुठे झालेला नाही, असे त्यांनी त्यात म्हटले. सार्वजनिक वित्ताचे पहिले धडे मी यांच्याकडून घेतले, ही कृतज्ञता शिष्यानेही नोंदवली. हे नाते तसे सरळ होते. खरी गंमत दुसऱ्या एडविनच्या बाबतीत झाली.

लंडन : दुसरा एडविन

१९१६च्या ऑक्टोबरात भीमराव लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. वर्ष पुरे होण्याच्या आत शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. मग बडोद्यातला तो अपमान, मुंबईत मिळतील ती कामे, आणि नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राची प्राध्यापकी. पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

या वेळी पहिल्या एडविनची चिठ्ठी बरोबर होती. सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून या विद्यार्थ्याला मदत करण्याची विनंती केली होती. फॉक्सवेल यांनी नोव्हेंबर १९२०मध्ये संस्थेच्या सचिवांना कळवले की, या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच केलेली आहे आणि इथे जिंकण्यासारखे त्यांच्यासाठी काही उरलेले नाही. (प्रत्यक्षात कोलंबियाची पीएच.डी. ग्रंथ छापून झाल्यावर १९२७ साली मिळाली.) पण भीमरावांना पदवीची नुसती भर घालायची नव्हती. त्यांना रुपयाचा प्रश्न सोडवायचा होता, आणि त्यासाठी त्यांना कॅनन हवे होते.

कॅनन हे नाव आज अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गळाले आहे. संस्था स्थापन झाली त्या १८९५ सालापासून १९२६पर्यंत ते तिथे शिकवत होते. ॲडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची त्यांनी संपादित केलेली १९०४ची आवृत्ती कित्येक पिढ्यांनी वापरली. अर्थशास्त्र साध्या भाषेत, व्यवहारातले दाखले देऊन सांगता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. जड शब्दांच्या आड लपणाऱ्याची ते गय करत नसत. लायोनेल रॉबिन्स हा त्यांचा विद्यार्थी त्याच सुमारास, १९२०मध्ये, त्या संस्थेत आला. याच रॉबिन्सने १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, ती आपल्याकडे बारावीपासून शिकवली जाते. आणि ती मांडताना त्याने खोडून काढली होती ती कॅनन यांचीच व्याख्या! म्हणजे गुरूशी वाद घालून पुढे जाणारे शिष्य कॅनन यांच्या वाट्याला एकापेक्षा जास्त आले. मला वाटते, हे त्यांच्या शिकवण्याचेच फळ असावे.

कॅनन यांचा चलनाचा ध्यास त्या काळात ऐन भरात होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडने नोटांचे सोन्याशी असलेले नाते व्यवहारात तोडले होते आणि महागाई भडकली होती. १९१९ साली कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वीचे एक जुने प्रकरण उकरून काढले. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत १७९७ साली बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवले, ते १८२१पर्यंत. या ‘कागदी पौंडा’ची कागदपत्रे त्यांनी पुन्हा छापली आणि त्यांना दीर्घ प्रस्तावना जोडली. त्यांचा उपाय सरळ होता. छापणाऱ्याच्या हातावर बंधन नसेल तर पैसा स्वस्त होणारच. तेव्हा जादा नोटा जाळा, आणि पूर्वीइतके सोने मिळू लागेपर्यंत जाळत राहा.

हा विचार भीमरावांनी लंडनमध्ये जवळून ऐकला. आणि तो त्यांनी इंग्लंडच्या पौंडावरून उचलून हिंदुस्थानच्या रुपयावर ठेवला.

रुपयाचे दुखणे

वाचकांसाठी रुपयाचे दुखणे थोडक्यात सांगतो. आपला रुपया चांदीचा. कोणीही टांकसाळीत चांदी न्यावी आणि रुपये पाडून आणावेत अशी मुभा होती. १८७०नंतर जर्मनीसह अनेक देश सोन्याकडे वळले, चांदीचा भाव कोसळू लागला आणि दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९०नंतर सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये दरसाल सोन्याच्या नाण्यांत मोठी रक्कम द्यावी लागे, ती भरताना त्याची दमछाक होऊ लागली. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. रुपये कमी झाले की महाग होतील, हा हिशेब. १८९८पर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर आला.

पुढची पायरी सोन्याची नाणी चलनात आणण्याची होती. १८९८च्या फौलर समितीने तसे सुचवलेही. पण ती नाणी आली नाहीत. त्याऐवजी सरकारने लंडनमध्ये गंगाजळी ठेवून, हुंड्या विकून १ शिलिंग ४ पेन्सचा दर सांभाळायला सुरुवात केली. देशात चांदीचा रुपया, परदेशी देणेघेणे मात्र सोन्याच्या हिशेबात. यालाच सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’ लिहून या व्यवस्थेची तरफदारी केली. खर्च कमी, काम चोख, आणि दर तर वर्षानुवर्षे स्थिर आहे, असा त्याचा रोख. त्याच वर्षी नेमलेल्या चेंबरलेन आयोगाचा तो सदस्यही झाला.

आंबेडकरांनी या स्थैर्यालाच हात घातला. विनिमयाचा दर स्थिर आहे म्हणजे रुपया स्थिर आहे, हे त्यांना मान्य नव्हते. लंडनला हुंडी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला रुपयाचे पेन्स किती हे महत्त्वाचे. मुंबईच्या गिरणीत मजुरी करणाऱ्याला किंवा कोकणातल्या शेतमजुराला त्या रुपयात धान्य किती येते हे महत्त्वाचे. रुपयाची खरी किंमत त्याच्या खरेदीशक्तीत आहे. आणि ती सांभाळण्याची कुठलीच यंत्रणा या व्यवस्थेत नाही. सरकार मनाला येईल तेवढे रुपये पाडू शकते, पाडण्यात त्याला नफाही होतो, आणि एकदा बाजारात आलेला रुपया परत जायला वाट नाही. मग १७९७ ते १८२१चा कागदी पौंड आणि हा रुपया यांत फरक तो काय? एक कागदावर छापलेला, दुसरा चांदीवर!

ही तुलना वाचताना कॅनन यांच्या १९१९च्या पुस्तकाची छाया स्पष्ट दिसते. गुरूने पौंडासाठी परजलेली तलवार शिष्याने रुपयासाठी उपसली. अडचण एवढीच होती की, १८९३ साली टांकसाळी बंद करून रुपया सोन्याशी बांधता येईल, असे मानणाऱ्या मोजक्या अर्थशास्त्रज्ञांत खुद्द कॅनन होते. त्यांनी १८९८ साली तसे लिहूनही ठेवले होते. शिष्याची तलवार गुरूच्याच जुन्या मतावर चालत होती.

प्रबंध आणि प्रस्तावना

प्रबंध १९२२च्या ऑक्टोबरात सादर झाला. पुढची हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. परीक्षकांनी तो तसाच स्वीकारला नाही, निष्कर्ष कायम ठेवून मांडणी बदलायला सांगितले. पैसे संपत आलेले आंबेडकर १९२३च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतले, तिथे प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला धाडला. त्यावर डी.एस्सी. मिळाली आणि वर्ष संपता संपता पुस्तकही निघाले. ब्रिटिशांच्या धोरणावरची बोचरी टीका परीक्षकांना झोंबली, असे याचे कारण दिले जाते. ते अगदीच अशक्य नाही. पण कॅनन यांची प्रस्तावना बाजूला ठेवून वाचली तर चित्र जरा निराळे दिसते. त्यांचा मतभेद साम्राज्याच्या प्रतिष्ठेसाठी नव्हता, चलनाच्या सिद्धान्तावर होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

प्रस्तावनेत ते म्हणतात त्याचा सारांश असा. काही ठिकाणी या लेखकाचा घाव नेमका वर्मी बसतो. आणि जिथे तो साफ चुकला असे मला वाटले, तिथेही त्याच्या विचारांत एक टवटवी आढळली. माझ्यासारखा जुना शिक्षक स्वतंत्र बुद्धीच्या लहरी सोसायला शिकलेला असतो. त्यानंतर मुख्य मुद्दा येतो : त्याचे युक्तिवाद मला पटत नसले तरी त्याचा व्यावहारिक निष्कर्ष बहुधा बरोबर आहे! सुवर्ण विनिमय परिमाण स्वस्त पडते हे खरे, पण ते समजणारे राज्यकर्ते विरळा. साधे सुवर्ण परिमाण समजणारेही थोडेच, पण तुलनेने कितीतरी अधिक. जे फार थोड्यांना कळते, ते स्वार्थासाठी वाकवणे सोपे जाते. मूर्ख आणि लबाड या दोघांच्याही हाती बिघडणार नाही अशी व्यवस्था बरी. नवे रुपये पाडणे कायमचे थांबवावे आणि टांकसाळी सोन्यासाठी खुल्या कराव्यात, या आंबेडकरांच्या योजनेला युरोपच्या इतिहासात आधार आहे, असेही ते पुढे दाखवून देतात.

शिष्याचे मनोगतही तितकेच वाचण्यासारखे आहे. कॅनन यांनी आपल्या सैद्धान्तिक विवेचनाची कडक तपासणी केली आणि त्यामुळे आपण अनेक चुकांतून वाचलो, असे ते कृतज्ञतेने लिहितात. मात्र पुस्तकातल्या मतांपासून तसूभरही मागे सरत नाहीत. आणि ज्या पुस्तकात गुरूशी असा वाद आहे, त्याची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीला आहे, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल आणि दाखवलेल्या दूरदृष्टीबद्दल.

मला या प्रस्तावनेत शिक्षकाचे मोठेपण दिसते. कॅनन यांना ती नाकारता आली असती, किंवा गोडगोड लिहिता आली असती. पहिल्याने विद्यार्थ्याचे नुकसान झाले असते, दुसऱ्याने त्याचा अपमान. आपल्याकडे एखाद्या प्रबंधाच्या मार्गदर्शकाने ‘मला हे मान्य नाही, पण हे छापले गेले पाहिजे’ असे लिहिल्याचे उदाहरण मी आजवर पाहिलेले नाही.

साक्ष : विद्यार्थ्याचा आवाज

गुरूंचे ऐकून झाल्यावर या विद्यार्थ्याला सरकारने ऐकले, तो दिवस १५ डिसेंबर १९२५. हिंदी चलन आणि वित्त यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. त्यांचे लेखी निवेदन आणि तोंडी प्रश्नोत्तरे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात उपलब्ध आहेत. अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर प्रत्यक्ष बोलत कसे, हे ज्याला ऐकायचे असेल त्याने ती पाने जरूर वाचावीत. आयोगात हेन्री स्ट्रॅकॉशसारखे वित्ततज्ज्ञ होते, जहांगीर कोयाजींसारखे प्राध्यापक होते, आणि मुंबईच्या व्यापाराचे पुढारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते.

निवेदनातली योजना मोजक्या कलमांत मावते. रुपये पाडण्यासाठी टांकसाळ सरकार आणि जनता दोघांनाही बंद. सोन्याचे योग्य नाणे पाडण्यासाठी टांकसाळ खुली. सोन्याचे नाणे आणि रुपया यांच्यात प्रमाण ठरवावे. पण रुपयाच्या बदल्यात सोने किंवा सोन्याच्या बदल्यात रुपया देण्याची जबाबदारी सरकारवर नको. दोन्ही नाणी अमर्याद कायदेशीर चलन राहतील. सगळ्याचा गाभा एकच : चलन वाढवण्याची चावी सरकारच्या हातातून काढून घ्या.

पण त्या काळी देशभर वाद पेटला होता तो प्रमाणाचा. रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्सचा? पौंडाचे पेन्स २४०. पहिल्या दराने पौंडाला १५ रुपये पडत, दुसऱ्याने १३ रुपये ५ आणे ४ पै. रुपया स्वस्त राहिला तर निर्यातदाराला आणि परदेशी मालाशी झुंजणाऱ्या गिरणीमालकाला फायदा. म्हणून मुंबईचा व्यापारीवर्ग आणि राष्ट्रीय चळवळीतले बहुतेक पुढारी १ शिलिंग ४ पेन्सच्या बाजूचे. या दराला देशहिताचा रंग चढला होता. सरकारला १ शिलिंग ६ पेन्स हवा, म्हणजे तो वाईट, इतके सोपे समीकरण झाले होते.

आंबेडकर या समीकरणात बसले नाहीत. स्वस्त रुपयाने देशाचा नफा होतो हे म्हणणे त्यांनी १९२३च्या मनोगतातच तपासले होते. हा नफा परदेशातून देशात येत नाही, देशातल्या एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो. भाव वाढतात, मजुरी त्यामागे रखडत येते, आणि मधला फरक मालकाकडे राहतो. देणारा कोण? पगारावर आणि मजुरीवर जगणारा. आयोगापुढेही त्यांनी प्रमाणाचा प्रश्न याच अंगाने मांडला.

इथे मला दोन्ही एडविन एकत्र आलेले दिसतात. चलन देणाऱ्याच्या हातावर बंधन हवे, हा कॅनन यांचा धडा. कोणताही आर्थिक निर्णय घ्या, त्याचा भार अखेर कोणावर पडतो ते शोधा, हा सेलिग्मन यांचा. पण चलनाकडे हे दोन्ही धडे एकत्र घेऊन पाहणे आणि शेवटी गिरणीतल्या मजुराच्या बाजूला उभे राहणे, हे आंबेडकरांचे स्वतःचे. त्यासाठी त्यांना इंग्रज सरकारशी भांडावे लागले तसेच मुंबईच्या देशभक्त व्यापाऱ्यांशीही. दोन्ही बाजूंचे लोक दुखावतील अशी साक्ष देणारा माणूस आयोगापुढे विरळाच येतो.

नंतरची कथा

१९२६च्या अहवालात आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सचा दर सुचवला, ठाकुरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला, आणि १९२७ साली पहिल्या दराचा कायदा झाला. आंबेडकरांना हवी असलेली सोन्याची नाणी मात्र आयोगाने नाकारली. त्याऐवजी सोन्याच्या लगडींवर आधारलेले परिमाण आणि चलनाची सूत्रे सांभाळणारी मध्यवर्ती बँक, असा मार्ग त्याने दाखवला. त्यातूनच पुढे १९३४चा कायदा आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक. त्याच एप्रिल महिन्यात कॅनन यांचे निधन झाले.

आज दर १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक उभी राहिली, असे वाक्य हमखास ऐकू येते. मीही ते व्यासपीठांवरून ऐकले आहे आणि त्यामागची भावना मला कळते. पण इतिहास म्हणून ते तपासून घेतले पाहिजे. त्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय मध्यवर्ती बँकेवर नाही, सुवर्ण परिमाणाकडे परतण्यावर आहे. चलन कोणा शहाण्याच्या विवेकावर सोडू नये, असे सांगणारे ते पुस्तक आहे. आयोगाने त्यांचे म्हणणे ऐकले, आणि वाट दुसरी धरली. हे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपेक्षा मोठा आहे : पैसा निर्माण करणाऱ्यावर लगाम कोणाचा, आणि भाववाढीची किंमत मोजतो कोण? सोन्याचा त्यांचा उपाय काळाबरोबर मागे पडला. केन्ससुद्धा पुढे आपल्या कित्येक मतांवरून हलले. पण आज व्याजदर वाढले की कमी झाले याची चर्चा चालते, रुपया डॉलरपुढे घसरला म्हणून निर्यातदार खूश आहेत असे आपण वाचतो, तेव्हा रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न १९२३ इतकाच ताजा असतो.

बाबासाहेबांना आपण वंदन पुष्कळ करतो. त्यांनी आपल्या गुरूंना जसे ऐकले, तसे आपण त्यांना ऐकतो का, याबद्दल मला शंका आहे. ते ऐकणे म्हणजे पान अन् पान वाचणे, पटले ते वापरणे, न पटले ते तोंडावर सांगणे आणि तरीही कृतज्ञ राहणे. सहावा खंड बहुतेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी त्यातली कॅनन यांची प्रस्तावना आणि लेखकाचे मनोगत एकापाठोपाठ एक वाचावे, एवढे मी दर वर्षी सांगत आलो. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचे वाचन आहे. वाद कसा घालावा, हे मराठी मुलांना शिकवायला याहून चांगला धडा मला अजून मिळालेला नाही.